बारा चौकटींची पिशवी

१४ जून, शनिवार

यवतमाळहून संपादकांचा फोन. "भगवानराव, त्या क्रिप्टोबद्दल काहीतरी लिहा. सगळे पैसे एकाच पत्त्यावर ठेवणं कितपत सुरक्षित, वगैरे. सोप्या भाषेत. वाचक विचारतात."

कोणते वाचक, ते त्यांनी सांगितलं नाही. पांढरकवड्याच्या वाचकांनी सत्तावीस वर्षांत मला एकच प्रश्न विचारला आहे: निधनवार्तेतला फोटो दोन कॉलमी छापायचे किती घेता?

आठ वर्षं पाठशाळेत संस्कृत घोकलेल्या माणसाकडे हा विषय यावा, यात काहीतरी न्याय असेलच. विजयमालेने स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "तुमाले मोबाइलच्या पैशाचा पिन आठवत नाई, अन् तुमी लोकाईले सांगणार पैसे कुठी ठेवाचे."

पिन आठवत नाही हे खरं. पण चार आकड्यांना अर्थ नसतो, आणि अर्थ नसलेलं माझ्या डोक्यात टिकत नाही. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग काल दळण आणाले सांगतलं त्याले तं अर्थ होता."

१५ जून, रविवार

सकाळी स्कूटर काढून केळापूरच्या पलीकडे खेमसिंगच्या बंजारा तांड्यावर गेलो. खेमसिंग एसटीत ड्रायव्हर होता. मी लिहिलेल्या बातम्यांचं पाकीट वीस वर्षं त्याने यवतमाळला नेऊन दिलं, एकदाही विचारलं नाही की आत काय आहे. एवढ्या गुणावर मैत्री टिकते.

त्याचा मुलगा ओम पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो, सध्या सुट्टीवर आलाय. तांड्यावरच्या चौदा बाया भरतकाम करतात, आणि ओमची आई हंसाबाई त्यांची म्होरकी. टाळेबंदीत नागपूरचा दलाल यायचा बंद झाला, तेव्हा ओमने कामाचे फोटो टाकून माल परदेशात विकला. तिकडच्या तीन-चार गिऱ्हाइकांनी पैसे बिटकॉइनमध्ये दिले. ओमने ते मोडले नाहीत. तेव्हा अख्खा तांडा त्याला हसला होता. आता कर वजा जाऊन नऊ-साडेनऊ लाख होतात, आणि तांडा हसायचा थांबलाय.

त्या पैशांत बसस्टँडजवळ एक गाळा घ्यायचाय, चौदा बायांच्या नावावर. मालक सुनीलभाऊ ऑगस्टअखेर थांबतो म्हणालाय. गाळा आला की दलाल सुटला. हंसाबाईने आतल्या भिंती वितीने मोजूनसुद्धा ठेवल्यात.

मी वही उघडून विचारलं, "पत्ता म्हणजे नक्की काय?"

ओम म्हणाला, "देवळातली काचेची दानपेटी समजा, काका. आत किती हाय ते रस्त्यानं जाणाऱ्यालेबी दिसते. टाकाले कोणीबी टाकू शकते. काढाले मात्र चावी लागते. चावी म्हंजे बारा इंग्रजी शब्द, एका ठरावीक क्रमानं."

"आणि तुमचं सगळं एकाच पेटीत?"

"एकाच."

"का?"

"आळस, काका."

इतकं खरं उत्तर छापता येत नाही. मी खोडलं.

खेमसिंग बाजेवर पाय सोडून ऐकत होता. म्हणाला, "आमचे म्हातारे बैलांवर मीठ लादून नेत. नदी उतरताना एखादा बैल वाहून गेला तं एका गोणीचं मीठ पाण्यात जाय, बाकीचं पोचे. अन् हा आमचा शहाणा. लाख रुपयाचं मीठ अन् बैल एकच."

"बाबा, दहा पेट्या केल्या अन् चावी तीच एक असली, तं काय फायदा? चावी गेली का दाही गेल्या."

"मंग चाव्या वाढव ना. तांड्याच्या पेटीले दोन कुलपं राहत. एक चावी नायकापाशी, एक कारभाऱ्यापाशी. दोघं आल्याबिगर पेटी उघडे नाई. दोघाईचं भांडण झालं का तांड्याचा सण गेला."

"तसंही करता येते," ओम म्हणाला. "दिवाळीत करतो."

हंसाबाई ओसरीत सुई ओवत होती. "दिवाळीत," एवढंच म्हणाली. दोरा दातांनी तोडला.

२२ जून, रविवार

आज ओमने मोठ्या विश्वासाचं काम दिलं. ते बारा शब्द त्याच्या मोबाइलमध्ये आहेत आणि एका कागदावर लिहून घरच्या लोखंडी पेटीत आहेत. तिसरी प्रत घराबाहेर, जाणत्या माणसाकडे असावी असं त्याला वाटतं. जाणता माणूस म्हणजे मी. खेमसिंग म्हणाला, "यायले कॉम्प्युटर समजत नाई, म्हंजे चोरतीन बी नाई." हीही एक पात्रताच.

ओमने शब्द दुसऱ्या कागदावर उतरून दिले. हंसाबाई मध्येच म्हणाली, "मले बी सांग काय लिवलं हाय ते. आपल्या बोलीत सांग." ओम हसत हसत एकेका शब्दाचा अर्थ गोरबोलीत सांगत गेला. तिने दोनदा म्हणवून घेतलं, एका शब्दाला तर "लहान का मोठी?" असंही विचारलं. वाचता येत नसलं म्हणून कुतूहल कुठे जातं? मला कौतुक वाटलं.

मी ओमला सांगितलं, "कागद कशाला? आमच्याकडे पाठ करतात. कागद भिजतो, जळतो, वाळवी खाते. पाठ केलेलं माणसाबरोबर चितेवरच जातं."

"तेच तं भेव हाय," खेमसिंग म्हणाला.

(शब्द इथे लिहीत नाही. ही वही विजयमाला वाचते, असा मला दाट संशय आहे.)

२३ जून, सोमवार

बाराही शब्द संस्कृतात आणून अनुष्टुभात बसवले. बत्तीस अक्षरांत बारा वस्तू. तिसऱ्या चरणात एक जनावर बसेना, त्याला जरा पुढे घेतलं. पहिल्या-दुसऱ्यातही थोडी हलवाहलव करावी लागली. पण झाल्यावर श्लोक असा काही धावतो! आंघोळीला, स्कूटरवर, तहसीलच्या पत्रकार परिषदेत, सतत म्हणतोय. अर्थ असला की टिकतं, हे मी म्हणत होतोच.

संध्याकाळी कागद गॅसवर धरला. विजयमाला म्हणाली, "जाळाचं काय काम होतं?" मी म्हटलं, सुरक्षितता. तिने राख पुसली.

२८ जून, शनिवार

लेख छापून आला. मथळा मीच दिला होता: 'स्मरण हीच खरी तिजोरी'. पत्ता, काचेची पेटी, मिठाचे बैल, सगळं घेतलं. शेवटचा परिच्छेद स्मरणशक्तीवर, जरा रसाळ झालाय. संपादक म्हणाले, बरा आहे. त्यांच्या तोंडचं बरा म्हणजे इतरांचं उत्तम.

१३ जुलै, रविवार

हंसाबाईने मला पिशवी भेट दिली. खांद्यावर अडकवायची, जाड निळ्या कापडाची, आणि दर्शनी बाजूला भरतकामाच्या बारा चौकटी. वर सहा, खाली सहा. प्रत्येक चौकटीत निराळं काहीतरी. बंजारा भरतकामात सगळंच त्रिकोण-चौकोनात येतं, त्यामुळे नेमकं काय ते सांगणं कठीण. मी आपला अंदाज करत गेलो. एक समोसा. एक चावलेली भाकर. एक फणी, दात तुटलेली. एक पाट, त्याला मान फुटलेली. एक भुईछत्री असावी, ती चांगली जमलीये. एक पडलेली मिशी.

"वहिनी, हा पाट कुणीकडे निघालाय?"

हंसाबाई हसली नाही. एरवी हसते. "भिया," ती मला भाऊ म्हणूनच हाक मारते, "रोज खांद्यावर ठेवाची. खुंटीले टांगून ठेवाची नाई. धुवाची नाई. अन् कोणाले द्याची नाई."

"एवढी जपायची, तर रोज कशी वापरू?"

"रोज वापरतो तेच माणूस जपते."

मग एका कोपऱ्यातल्या कवडीवर बोट ठेवून म्हणाली, "इथून सुरू होते. ध्यानात ठेवजा." नक्षीला सुरुवात कुठली आणि शेवट कुठला! पण कलावंताचं मन मोडू नये. मी मान हलवली.

खेमसिंगने जाताना सांगितलं की त्याच्या आजीच्या घेरदार घागऱ्यात चांदीचे रुपये शिवलेले असत, एका जागी कधीच नाही, आणि प्रवासात निम्मे तर दुसऱ्याच घरातल्या बाईच्या घागऱ्यात. "आजी म्हणे, लपवलं ते चोर हुडकते. अंगावर घातलं ते त्याले दिसत नाई." लेखात यायला हवं होतं हे. आता उशीर झाला.

२ ऑगस्ट, शनिवार

विजयमाला बाजाराला जाताना माझीच पिशवी घेऊन गेली आणि आतून अळूची जुडी घेऊन आली. नेमकी बाजारात हंसाबाई भेटली. तिने म्हणे पदराने डाग पुसला, चौकट चौकट बोटांनी चाचपून पाहिली, आणि विजयमालेला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय सांगितलं, ते विजयमाला सांगत नाही. नुसती म्हणाली, "पिशवी सांभाळा जी." 

दोघी मिळून एका पिशवीवरून मला शिस्त लावतायत. भरतकाम म्हणजे शेवटी अहंकारच, आमच्या श्लोकांसारखा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

तिजेच्या सणासाठी ओम पुण्याहून आला. तांड्यावर मुलींच्या टोपल्यांतले गहू बोटभर झालेत. दुपारी बापाला फवारणीत मदत करायला गेला, वाकला, आणि खिशातला मोबाइल औषधाच्या ड्रममध्ये. दोनशे लिटरमध्ये पूर्ण बुडाला. ओमचा फोन खेमसिंगच्या मोबाइलवरून आला. मी म्हटलं, "कपाशीवरचे मावा-तुडतुडे मरतील, मोबाइल तर मेलाच."

तो हसला. शब्द लोखंडी पेटीत आहेत, काळजी नाही, म्हणाला.

१३ ऑगस्ट, बुधवार

पेटीत नाहीत. पेटीत एका उंदरिणीने बाळंतपण उरकलंय. ओमची दहावीची मार्कशीट, खेमसिंगच्या निवृत्तीचं पत्र आणि तो कागद, तिन्ही मिळून मऊसूत अंथरूण झालं होतं. पिल्लं सुखरूप.

ओम सरळ माझ्याकडे आला. पाणीही न पिता म्हणाला, "काका, आता तुमीच."

खरं लिहायचं तर मला आनंद झाला. आठ वर्षांच्या पाठांतराचा कोणाला उपयोग होईल असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. मी पाय धुतले, मांडी घातली आणि श्लोक म्हटला. एकही अक्षर अडखळलं नाही. मग एकेक शब्द इंग्रजीत सांगितला, ओमने लॅपटॉपवर टाकला.

काचेची पेटी उघडली नाही.

परत टाकले. नाही. ओमने विचारलं, "काका, क्रम हाच होता?"

क्रम. मी सांगितलं, छंदासाठी जरा पुढेमागे केलंय.

"कोणते?"

ते आठवत नाही.

ओमने लॅपटॉप जरा बाजूला सरकवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "नौका म्हंजे बोट का शिप? चावीचे शब्द ज्या यादीतून येते, तिच्यात दोन्ही हाय. पर्वत म्हंजे माउंटन का हिल?" तेही मला सांगता येईना. संस्कृतात दोन्हीला एकच शब्द आला होता, आणि तोच टिकला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बारा शब्दांचे सत्तेचाळीस कोटींवर क्रम होतात. वर त्या दोन शब्दांची शंका. ओमने लॅपटॉपला एकेक करून पाहायला लावलंय. "लागला तं उद्या लागीन, नाई तं तीन हप्ते." लॅपटॉप आमच्या बैठकीत ठेवलाय, तांड्यावर वीज जाते म्हणून. पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो आणि वर हात ठेवला तर पापड भाजेल.

ठरलंय की याडीला, म्हणजे ओमच्या आईला, हंसाबाईला, सांगायचं नाही. ओम म्हणाला, खेमसिंगही म्हणाला, मीही म्हणालो. तिने चार वर्षं त्या गाळ्यावर जीव टाकलाय, उगाच घोर कशाला? तिला काय कळणार आहे यातलं?

विजयमाला म्हणाली, "सांगून तं पाहा."

"नको," मी म्हटलं. "बायकांच्या मनाला लागतं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उघडला.

१८ ऑगस्ट, सोमवार

सुनीलभाऊ भेटला. मोबाइलची दुकानं चालवणारा कोणी राळेगावहून आलाय, गाळ्याचे लाखभर जास्त देतो म्हणतो. "माया शब्द हाय बायाईले, पन भगवानराव, मी बी संसारी माणूस. पंचवीस तारखेपर्यंत इसाराचे पैसे आणून द्या. नाई तं मले मोकळं करा."

लॅपटॉप घरघरतोय. ओम सुट्टी वाढवून बसलाय. हंसाबाईने त्याला विचारलं म्हणे, भगवानरावाच्या घरी दिवसभर काय करतो? ऑफिसचं काम, म्हणाला.

२० ऑगस्ट, बुधवार

आज बसस्टँडवर हंसाबाई आणि आणखी तिघी दिसल्या. बंद गाळ्यापुढे उभ्या राहून शटरच्या रंगावर बोलत होत्या. मला पाहून हाक मारली. "भिया, तुमी शिकले-सवरले. निळा का लाल?"

मी म्हटलं, कोणताही चांगला दिसेल.

"असं कसं जी. एक सांगा."

निळा, म्हणालो. आणि पाय उचलला. पिशवी खांद्यावरून घसरत होती, ती हंसाबाईने मागून सावरून दिली.

घरी येऊन जूनमधला माझाच लेख वाचला. 'स्मरण हीच खरी तिजोरी'. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. मग कात्रणांच्या वहीतून काढून टाकला, मग परत लावला. असू दे.

शंका अशी येते की मला ते शब्द जपायचेच नव्हते. मला श्लोक करायचा होता. ओमने सांगितलं होतं, ठरावीक क्रमानं. या वहीतच पंधरा जूनला मी ते लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात. मी ऐकलं, टिपलं, आणि पुढे गेलो. पत्रकाराचा हाच धंदा आहे म्हणा.

माझ्याकडे नऊ लाख नाहीत. नव्वद हजारही नाहीत. असते तर आज दिले असते, आणि मग कायमचं गप्प बसता आलं असतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

लॅपटॉप अजून दळतोय.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज सांगून टाकायचं ठरवलं. ओम नको म्हणत होता. मी म्हटलं, चूक माझी आहे, मीच सांगतो. तो लॅपटॉप मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसला.

तांड्यावर बैल धुणं चाललं होतं. हंसाबाईने ओसरीत चटई टाकली. चटई टोचत होती म्हणून मी पिशवी खाली घेऊन तिच्यावर बसलो. मग सगळं सांगितलं. ड्रम, उंदीर, श्लोक, सत्तेचाळीस कोटी, सुनीलभाऊ. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे बोलता आलं नसतं.

हंसाबाईने शांतपणे ऐकून घेतलं. मग ओमला विचारलं, "कधी पडला मोबाइल?"

"मंगळवारी. मागच्या."

"आज शुक्रवार. दहा दिवस झाले." मग नवऱ्याकडे वळून, "अन् तुमाले ठाऊक होतं?"

खेमसिंगला अचानक बैलाच्या शिंगात काहीतरी दिसलं.

"काहून नाई सांगतलं मले?"

"याडी, तुले घोर लागला असता."

"घोर तुमाले लागला. मले कायचा लागते?" आणि माझ्याकडे वळून, "भिया, उठा."

मला वाटलं घराबाहेर काढतेय. हक्कच होता तिचा. मी उठलो.

"पिशवी द्या."

तिने ती झटकली, मांडीवर पसरली, कवडीचा कोपरा डावीकडे घेतला आणि ओमला म्हणाली, "लिव." बोट पहिल्या चौकटीवर ठेवून गोरबोलीत एक शब्द उच्चारला. ओम तिच्याकडे पाहतच राहिला. "लिव ना बाप्पा, काय पाहून राह्यला?"

ओमने लिहायला सुरुवात केली. समोसा म्हणजे डोंगर. चावलेली भाकर म्हणजे चंद्र. मान फुटलेला पाट हा उंट होता. त्याच्या आधीची भुईछत्री ही छत्री, आणि नंतरची तुटकी फणी ही शिडी. पडलेल्या मिशीपाशी ओम अडला. "याडी, ही नाव लहान का मोठी?"

"तवाच इचारलं होतं मी. तू म्हणे लहान. मोठी असती तं दोन चौकटीत काढली असती. अन् डोंगर मोठा, टेकडी नाई. टेकडीले टोक काढत नाई आमी."

बारावा शब्द टाकला. ओमने बटण दाबलं.

उघडलं. पहिल्याच खेपेला.

ओमने तो दळणारा प्रोग्राम बंद केला आणि लॅपटॉपची घरघर थांबली. तेव्हा लक्षात आलं, आठ दिवस आम्ही त्या आवाजाच्या वरून बोलत होतो. बाहेर बैलाच्या अंगावर पाणी पडल्याचं ऐकू आलं. ओमने आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तिने एक टपली मारली, फार हळू नाही.

मी विचारलं, "वहिनी, पण माझ्याच पिशवीवर का?"

"घरात एक होतं, कागदावर. एक घराबाहेर पायजे. ओमनं ते तुमच्या डोस्क्यात ठेवलं. भिया, तुमचं डोस्कं लय चांगलं हाय. पन तुमी आमच्या घरी किती खेपा चष्मा इसरून गेले?"

"आणि ओमला का नाही सांगितलं?"

"त्याले सांगतलं असतं तं त्यानं पिशवीचा बी फोटो काढून मोबाइलातच ठेवला असता."

म्हणजे दीड महिना मी बायांचा गाळा खांद्यावर घेऊन बाजारातून, तहसिलीतून, पोलीस ठाण्यातून हिंडत होतो. ठाणेदारांनी तर नक्षीचं कौतुकही केलं होतं. आणि आज त्यावर बसून मी तो हरवल्याची कबुली देत होतो.

घरी येऊन विजयमालेला सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"बाजारात बाई म्हणे, पिशवी लय कामाची हाय, सांभाळा. कायची कामाची ते नाई इचारलं मी. म्हणूनच म्हणत होती, सांगून तं पाहा."

२४ ऑगस्ट, रविवार

सुनीलभाऊला इसार दिला. ओमने थोडं बिटकॉइन विकून रक्कम खात्यात आणली, कराचं वेगळं काढून. सुनीलभाऊ पावती लिहिताना म्हणाला, "चला, शब्दाले जागलो मी." एक दिवस आधी जागला. राळेगावच्या माणसाला त्याने काय सांगितलं, ते विचारलं नाही.

काल पोळा झाला. खेमसिंगच्या बैलांना हंसाबाईने नव्या झुली केल्या होत्या. मी झुलींवरच्या चौकटी मोजायला लागलो तेव्हा खेमसिंग म्हणाला, "ते निसते बैल हाय, भगवानराव."

३१ ऑगस्ट, रविवार

ओम आज पुण्याला गेला. जाण्याआधी ओसरीत बसून नवी व्यवस्था लावली. दिवाळीची वाट पाहिली नाही. गाळ्याचे पैसे देऊन उरलेलं तीन पेट्यांत: एक दोऱ्या-कापडाची, एक बायांच्या वाट्याची, एक अडीअडचणीची. आणि तिन्ही पेट्यांना त्याच तीन चाव्या, त्यातल्या कोणत्याही दोन लागल्या तर उघडणार. एक हरवली तरी काम अडत नाही, एक चोरली तरी चोराचं काम होत नाही. खेमसिंग म्हणाला, नायक-कारभाऱ्याच्या पेटीहून हे बरं, दोघांचं भांडण झालं तर तिसरा आहे.

पहिली चावी ओमकडे, दुसरी हंसाबाईकडे. तिसऱ्या चावीची गोष्ट निघाली तेव्हा मी जरा सरळ बसलो.

"तिसरी विजयमालाबाईकडे," हंसाबाई म्हणाली.

मी म्हटलं, योग्य आहे. आणि खरोखरच योग्य वाटलं, दोन मिनिटांनी.

जुने बारा शब्द आता कशाचीच चावी नाहीत. म्हणून श्लोक मोठ्याने म्हणून दाखवला. हंसाबाईने पिशवीवर बोट फिरवत ऐकला, ओम अर्थ सांगत होता. तिसऱ्या चरणाला तिने हात वर केला. "इथं उंट छत्रीच्या आंधी काहून आला?"

मी समजावलं, तो चरण 'उष्ट्रश्छत्रं च निःश्रेणी' असाच बसतो. छंदाची सोय.

परतताना स्कूटरवर सहज म्हणून पाहिलं: 'छत्रमुष्ट्रश्च निःश्रेणी'. आठ अक्षरं. लघु-गुरू जागच्या जागी. उंट मागे ठेवला असता तरी चरण बसत होता.

हे मी कोणाला सांगणार नाही. विजयमाला वाचेल तेव्हा वाचेल.

१४ सप्टेंबर, रविवार

गाळा सुरू झाला. शटर लाल आहे. मी निळा म्हणालो होतो, पण चौदा बायांत माझं एक मत, तेही बाहेरचं.

बाया सकाळीच नटून आल्या. पहिलं गिऱ्हाईक सुनीलभाऊची सून. घासाघीस केली आणि हरली. नागपूरचा दलाल चौकशीला आला होता, त्याला खेमसिंगने चहा पाजला आणि मालाचा भाव साध्या गिऱ्हाइकाला सांगतात तोच सांगितला. मी बातमी लिहिली, फोटोसह, दोन कॉलमी. काही घेतलं नाही.

हंसाबाईने विजयमालेला तीन वस्तू दिल्या: दाराचं तोरण, उशीचा अभ्रा आणि देव झाकायचा रुमाल. तिन्हींवर चौकटी आहेत. विजयमालेची चावी यातल्या कशात आहे, की कशातच नाही, ते मला माहीत नाही. दोघी दुकानाच्या मागच्या बाजूला बराच वेळ बोलत बसल्या होत्या. मी गेल्यावर भाजीच्या भावावर आल्या.

मलाही एक वस्तू मिळाली. चष्म्याचं घर, लाल कापडाचं, काठाला आरसे. मी ते उलटंसुलटं करून नीट पाहिलं. या वेळी विनोद केला नाही. हंसाबाई माझ्याकडे पाहत होती.

"पाहू नका एवढं, भिया," ती म्हणाली. "याच्यावर निसते फुलं हाय. हरवलं तरी चालते."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

संपादकांचा फोन. त्या विषयावर दुसरा लेख हवाय, पहिल्याला प्रतिसाद चांगला होता म्हणे. मी म्हटलं, या वेळी भरतकामावर लिहितो. ते म्हणाले, भरतकामाचा काय संबंध? मी म्हटलं, छापून आल्यावर कळेल.

पिशवी खांद्यावर आहे. चष्म्याचं घर काल दुपारपासून सापडत नाही.